माईक तपासायची धून

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाशेजारी बसून ती आठवडाभर ओरडायची. "क्लच! अगं क्लच दाब, ब्रेक नाही!" आणि सुट्टीच्या दिवशी बँडपुढे उभी राहून ओरडायची. दोन्हीकडे घसा एकच. डॉक्टरांनी शेवटी त्या घशाचं ऑपरेशन करायचं ठरवलं तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फक्त तिला. "माझा घसा?" ती म्हणाली, जणू शेजारणीचे रिपोर्ट चुकून तिच्या हातात आले होते.

बँडमध्ये तिला सगळे ताई म्हणायचे, आणि तिची पाठ वळली की भोंगा. ते तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तरुणपणी चौघांनी मिळून काढलेला हा रॉक बँड आता पिकल्या केसांचा झाला होता, तरी लोक अजून यायचे ते तिच्या आरोळीसाठी. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या शेवटी ती अशी काही वर जायची की पुढच्या रांगेतल्या माणसांचे आ वासलेले जबडे तसेच राहायचे. गिटार वाजवायचा तिचा धाकटा भाऊ. ड्रमवर मामा, हा तसा कुणाचाच मामा नव्हता, पण जन्मल्यापासून मामाच दिसत असावा. आणि बेस गिटारवर मुका. मुका बोलायचा, नाही असं नाही, पण कंजुषाने खिशातून नाणं काढावं तसा.

या मंडळींची एक जुनी सवय होती. वाजवायला बसण्याआधी माईक आणि स्पीकर तपासावे लागतात, तेव्हा काहीतरी वाजवत राहावं लागतं. ते तिघं नेहमी एकच धून वाजवायचे. मुका तार जुळवता जुळवता चार सूर धरायचा, मामा त्यावर रमतगमत ठेका टाकायचा, भाऊ वरून थोडी गिटार शिंपडायचा. त्या धुनेला नाव नव्हतं. "चला, ते वाजवा," एवढंच म्हणायचे. ताई तेव्हा बाहेर जिन्यात गरम पाण्याचे घोट घेत गळा तयार करत असायची, कारण तिचा माईक सगळ्यात शेवटी. ती आत येऊन माईकसमोर उभी राहिली की धून थांबायची आणि खरं गाणं सुरू व्हायचं. उभ्या आयुष्यात तिने ती धून बंद दाराआडूनच ऐकली होती.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज परत आला, पण खालच्या मजल्यावर राहायला गेला. जाड, खरखरीत, तळघरातून आल्यासारखा. वर चढायला गेली की नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, "बोलता येतंय ना? मग देवाचे आभार माना." तिने देवाचे आभार मानले आणि डॉक्टरांना मनात चार शिव्या घातल्या.

घोडं अडलं ते अल्बमपाशी. बऱ्याच वर्षांनी त्यांना पुन्हा अल्बम करायचा होता. गाणी ऑपरेशनच्या आधीच बसवलेली, सगळी तिच्या जुन्या, उंच पट्टीत. भाऊ एके संध्याकाळी तिच्या घरी आला. आधी हवेविषयी बोलला, मग नळाच्या गळतीविषयी, मग उठून स्वतःच नळ आवळून आला. ताईने ओळखलं, स्वारी काहीतरी गिळून बसली आहे.

"बोल आता. नळ दुरुस्त झाला."

"मी म्हणत होतो... आपली पोरगी गाते. चांगलं गाते. या अल्बमपुरतं तिला पुढे उभं केलं तर? तू असशीलच. तिला सांगायला, सवरायला."

"आणि पट्टी खाली घेतली तर?"

"ताई, पट्टी उतरवली की ती गाणी मरतात. तुलाही ठाऊक आहे."

ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे मला घरी बसवतोस," ती म्हणाली. भाऊ "छे छे" म्हणत राहिला, आणि जितका छे छे म्हणाला तितकं ते खरं होतं. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून रडली. भाचीवर तिचा जीव होता, तिला आत्यानेच लहानपणी सूर लावायला शिकवलं होतं. त्यामुळे धड रागावताही येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मात्र उलटाच प्रकार चालला होता. ओरडता येत नाही म्हणून ती आता हळू आवाजात सांगायची. "घाई नाही. वळण येऊ दे. आरशात बघ. आता सोड हळूहळू." आणि पूर्वी जी माणसं तिच्या धाकाने खांबावर गाडी घालायची, ती लोण्यातून सुरी फिरावी तशी वळणं घ्यायला लागली. मालक म्हणाले, "तुमचा आवाज ऐकून माणसाला वाटतं, काही होणार नाही, आपण पोहोचू." ही काय तारीफ झाली? गाणाऱ्या बाईला असं कुणी म्हणतं का? तिने ते मनावरही घेतलं नाही.

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. स्टुडिओ म्हणजे एकेकाळचं गालिच्यांचं गोदाम, भिंतींना अजून जुने गालिचे ठोकलेले. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे बसायचा. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "गाणी सगळी नेटकी आहेत. पण ज्याच्यासाठी माणूस अल्बम घेईल असं एक गाणं यात नाही." भाऊ महिनाभर त्या एका गाण्यासाठी डोकं आपटत होता.

ताई आली ती मनाशी ठरवूनच: पोरीला आशीर्वाद द्यायचा, दोन सूचना द्यायच्या आणि चहाच्या आधी निघायचं. यावेळी जिन्यात थांबून काय करणार? गळा तयार करायचाच नव्हता. म्हणून ती सरळ आत जाऊन गाणाऱ्या माईकजवळच्या एका खुर्चीत बसली. भाचीचा पत्ता नव्हता. ती आत्याकडेच गाडी शिकत होती आणि खाली रस्त्यावर दोन गाड्यांच्या मधे आपली गाडी घालायचा तिचा खेळ चालू होता. मागे, पुढे, मागे, पुढे, आणि गाडी आपली तिरकीच.

"ते वाजवा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. तिघांनी सुरुवात केली. मग म्हणाला, "गाणाऱ्या माईकवर कुणीतरी बोला हो, काहीही."

माईक ताईच्याच तोंडाशी होता. काहीही म्हणजे काय बोलणार? खिडकीतून भाचीची गाडी दिसत होती, तेव्हा जे दिवसभर तोंडात असायचं तेच आलं. "घाई नाही," ती हळू म्हणाली. "घाई नाही. वळण येऊ दे."

एरवी ती माईकशी आली की धून थांबायची. पण आज ती गायला आलेलीच नव्हती. खुर्चीत बसली होती, खिडकीबाहेर बघत होती. म्हणून कुणी थांबलं नाही. धून चालत राहिली आणि ती बोलत राहिली. "मागचं दिसतंय आरशात, दिसू दे. पाय हलका ठेव." कुठेतरी तिच्या लक्षात आलं की आपण ठेक्यात बोलतोय. मग शब्द लांबले. मग त्यांना सूर चिकटला. तिचा तो नवा, जाड आवाज मुक्याच्या बेसशेजारी जाऊन असा बसला, जणू ती जागा कुणीतरी त्याच्यासाठी अडवून ठेवली होती. हा आपला आवाज? हा? यात तर काहीच मोडलेलं नाही!

धून संपली तेव्हा भाची दारात उभी होती, हातात किल्ली, डोळ्यांत पाणी. "आत्या," ती म्हणाली, "हे कुठलं गाणं?"

भावाने मामाकडे बघितलं. "मामा, ही धून तुझ्या जुन्या बँडची ना?"

"माझ्या? मी तर समजत होतो, तू कुठून तरी उचललीस!"

दोघांनी मुक्याकडे बघितलं. मुका म्हणाला, "मला वाटलं, तुमची."

"अरे देवा!" रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही तिघं दुसऱ्याने कुठून तरी उचललेलं समजून हे रेकॉर्ड करत नव्हतात?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ताई म्हणाली. "आपलंच आहे, गाढवांनो. वाजवा परत."

इथे गाणं तयार झालं असं वाटेल. कसलं आलंय! पहिल्यांदा वाजवलं ते नुसतं तपासणीचं, ते रेकॉर्डच झालं नव्हतं. नेम धरून वाजवायला बसले आणि सगळा विचका झाला. आता ते गाणं होतं ना! मामा एकदम शहाण्यासारखा वाजवायला लागला, जागोजागी कारागिरी. भावाने गिटारीत इतकं काही भरलं की श्वास घ्यायला जागा उरेना. मुक्याचे खांदे कानाला लागले. ताईचा सूर बरोबर होता, पण बरोबर असून काय करायचं? वाजवून बघितलं, पुन्हा बघितलं, दुसऱ्या दिवशीही बघितलं. पहिल्या दिवशी जे हवेत होतं ते कुठे पळालं कोण जाणे.

भावाचा धीर सुटला. "शेवटी पोरीला आरोळी मारू दे," तो म्हणाला. "ताई खाली, पोरगी वर. लोकांना आरोळी लागतेच."

ताईने माईकवरचा हात काढून घेतला. म्हणजे याही गाण्यातून आपण शेवटी बाजूलाच होणार. पण तिने काही म्हणायच्या आत भाची फणकारली, "बाबा, या गाण्यात मी ओरडले तर लोक मला दगड मारतील, आणि मारावेतच!"

मामा हसला, भाऊ हसला नाही. आणि ताई त्या तिघांकडे बघत राहिली. ताठ मनगटं, आवळलेले जबडे, नजर आपापल्या हातांवर. हे चित्र तिने कुठे बघितलं होतं? रोज बघत होती! पहिल्यांदा स्टिअरिंग धरणारी माणसं अशीच बसतात. त्यांना 'सैल सोड' म्हटलं की ती आणखी आवळतात. त्यांना गाडी सोडून दुसरंच काहीतरी विचारायचं असतं.

तिने काचेकडे बघून रेकॉर्डिस्टला खूण केली, चालू ठेव. मग खुर्ची ओढून बसली. "मामा, गुडघा कसा आहे रे?"

"गुडघ्याचं नाव काढू नकोस," मामा म्हणाला. गुडघा हा मामाचा आवडता विषय. "काल जिना चढताना असा कळवळलो..."

"वाजवता वाजवता सांग. आणि तू रे, वहिनीला नळ दुरुस्त करून देत नाहीस म्हणे. माझ्याकडे बरा आवळलास!"

"कोण म्हणतं? तीच म्हणते ना?" भाऊ उसळला. "मी गेल्या आठवड्यात..."

"मुक्या, तू कुणाच्या बाजूने?"

"वहिनीच्या," मुका म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या बोटांनी ते चार सूर धरले. मामा गुडघ्याविषयी कुरकुरत ठेक्यात शिरला. भाऊ नळाची बाजू मांडत गिटार वाजवू लागला आणि मधेच वाद विसरला. ताईने कुणाला कळू न देता पहिली ओळ उचलली.

घाई नाही, घाई नाही, वळण येऊ दे.
मागचं सारं आरशामधे दिसतं, दिसू दे.

ती वर गेलीच नाही. वर जायची इच्छासुद्धा झाली नाही. खाली, आणखी खाली, जिथे पूर्वी तिला पाय ठेवायला जागा नव्हती तिथे ती ऐसपैस फिरून आली. शेवटी आरोळीच्या जागी तिने नुसतं "पोहोचू" म्हटलं, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं, आणि तिघं हळूहळू थांबले.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मग भावाने गिटार उचलली आणि एकेक खुंटी पिळून तारांचा सूर खाली उतरवायला लागला.

"काय करतोयस?" ताईने विचारलं.

"सगळी गाणी नव्याने बसवू. तुझ्या पट्टीत."

"ती मरतात म्हणालास ना?"

"म्हणालो होतो. मूर्ख आहे मी." तो तारांकडेच बघत बोलला. "गाण्यांना काय होतंय? तू नसलीस तर मीच मरेन, ताई."

"नाटकी कुठला," ताई म्हणाली, आणि लहानपणी मारायची तशी एक टपली तिने त्याला मारली. मग भाचीला ओढून आपल्या शेजारी उभं केलं. दुसरा आवाज तिचा, पुढचा आवाज आत्याचा, असं तिथल्या तिथे ठरलं.

अल्बम आला. लोक इतर गाण्यांना छान म्हणाले आणि हे एक पुन्हा पुन्हा लावत राहिले. टॅक्सीत लागायचं, केस कापायच्या दुकानात लागायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने तर आपल्या ऑफिसात दिवसभर लावून सगळ्यांचे कान किटवले.

मग एका दुपारी उघड्या मैदानात कार्यक्रम झाला. माणसं उन्हात खचाखच उभी. ताई गर्दीकडे बघत होती. ही माणसं आरोळी मागतील, आणि ती आपल्याकडे नाही. भाची कानात म्हणाली, "आत्या, घाबरलीस?" "गप्प बस," आत्या म्हणाली, म्हणजे हो.

मुक्याने चार सूर धरले आणि तिने पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला तिला वाटलं, स्पीकर बिघडला. काहीतरी घुमत होतं, जाड, पसरलेलं. मग तिला दिसलं, ओठ हलत होते. पुढच्या रांगेतले, मागच्या रांगेतले, कडेला पोराला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या बापाचे. तिच्या आरोळीबरोबर कधी कुणी गायलं नव्हतं. तिथवर पोहोचणारच कोण? लोक आ वासून नुसते ऐकायचे. हा आवाज सगळ्यांच्या आवाक्यातला होता. अख्खं मैदान तिच्याबरोबर, तिच्याच पट्टीत गात होतं.

तिच्याने पुढची ओळ उचलवेना. ती माईक धरून उभीच राहिली, गालांवरून पाणी, आणि ओळ मात्र चुकली नाही, कारण ती लोकांनीच म्हटली.

"अगं गा की!" मामा ड्रममागून ओरडला.

"गाते रे!" ती मागे वळून ओरडली. "जरा ऐकू तरी दे!"