माझं दुसरं लग्न

मी दोनदा लग्न केलं. पहिलं नौदलातल्या अधिकाऱ्याशी, मांडवात, चारचौघांसमोर. दुसरं पालघरच्या कचेरीत, माझ्या गैरहजेरीत.

पहिला नवरा जहाजावरच तापाने गेला. मी बोईसरला सासूबाईंकडे राहायला आले. विधवेच्या पेन्शनवर आम्हा दोघींचं पोट भरायचं होतं आणि त्या पेन्शनला एकच अट होती : बाईने पुन्हा लग्न केलेलं नसावं.

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. रस्त्याने सारखे परके लोक जायचे. सासूबाई म्हणाल्या, "दारात त्याचे बूट ठेव. घरात बाप्या हाय असं वाटू दे." ठेवले. पण धुळकट बुटांना कोण भिणार? म्हणून रोज सकाळी पॉलिश करायचे.

माझं नेपथ्य जरा जास्तच रंगलं. पेन्शनच्या अर्जाची चौकशी करायला तलाठी आले तेव्हा मी विहिरीवर होते, आणि सासूबाईंना ऐकू कमी. तलाठ्यांनी समोरच्या वाण्याला विचारलं. "बाप्या दिसला नाय कधी," तो म्हणाला, "पण बूट रोज चकाचक असतात." एवढ्यावर पालघरच्या कचेरीत, कागदावर माझं लग्न लागलं. ना अक्षता, ना जेवणावळ. पेन्शनचा अर्ज अडकला.

मी बूट पिशवीत घातले आणि पालघरची गाडी पकडली. कचेरीतल्या कारकुनाने नाकावरचा चष्मा वर सरकवला.

"बाई, तुमच्या दारात पुरुषाचे बूट असतात?"

"असतात."

"कोणाचे?"

"माझ्या नवऱ्याचे."

"कोणत्या?"

सगळी कचेरी हसली. प्रेक्षक असे मिळाल्यावर नटीने मागे का हटावं? मी बूट काढले आणि त्याच्या टेबलावर, त्याच्या पानाच्या डब्याशेजारी मांडले. "आत बघा," म्हटलं. नौदलात प्रत्येक वस्तूवर नाव घालायची शिस्त. बुटाच्या जिभेखाली यांचं नाव होतं. कारकुनाने ते वाचलं, मग मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव वाचलं. त्याचं हसू गेलं, पण टेबल घाण झालं म्हणून कुरकुर राहिलीच.

मामलेदारसाहेब मोठे सज्जन. त्यांनी आत बोलावून समजावलं, "एकट्या बाईने दारात असे बूट ठेवू नयेत. लोकांचा गैरसमज होतो."

"मग घर कोण राखणार, साहेब?"

 त्यांनी फक्त सांगितलं, की दरवर्षी गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाची सही आणायची, की या बाईने पुन्हा लग्न केलेलं नाही.

आमच्या आळीत प्रतिष्ठित गृहस्थ एकच. वाणी.

तो आला, बाजेवर बसला, चहा प्याला. "वयनी, रागावू नका. सही करायची म्हणजे बघाया लागतं. घरात कोणी नाय ना?"

मी पदर खोचला आणि त्याला घर दाखवलं. कपाट उघडलं, बाजेखाली वाकून दाखवलं, तांदळाच्या डब्याचं झाकणसुद्धा काढलं. वाटलं होतं, माणूस लाजेल. त्याने डब्यात डोकावून पाहिलं.

मग सही केली. पेन्शन सुरू झाली, सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. तेव्हापासून दरवर्षी तो येतो, मी चहा करते, आणि त्याने विचारायच्या आत कपाट उघडून ठेवते.