आतली कडी

मावशी गेली हे सांगायला आमच्या घरमालकीणताई रिक्षा करून कॉलेजच्या गेटवर आल्या होत्या. "ताप डोक्यात गेला गं..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता महिना होऊन गेला. राग सोड, असं सगळे सांगतात. मला तो सोडायचा नाही, म्हणून हे लिहितेय. लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच.

कुसुममावशी आईची धाकटी बहीण, हरसूलकडची. पोलिओनं दोन्ही पाय गेले होते. हातांवर जोर देत ती बसल्या बसल्या सरकायची. लहानपणीच आजोबांनी तिला नाशिकच्या एका संस्थेत ठेवलं. तिथं जेवण होतं, कपडे होते. पण खोलीला कडी बाहेरून होती आणि दिवस मावळला की ती लागायची. मग आत कुणाला काहीही होवो... "तुमच्या भल्यासाठीच," असं तिथले व्यवस्थापक म्हणायचे. त्यांना सगळे सर म्हणत.

नव्वदचं दशक संपता संपता मावशी हट्टानं तिथून निघाली आणि तिनं पंचवटीतल्या एका गल्लीत तळमजल्यावर खोली घेतली. सुताराला पहिलं काम सांगितलं ते आतल्या कडीचं, बसल्या जागी हात पोचेल एवढ्या खाली. तो हसला. "मावशी, एवढ्या खालची कडी काय मांजर लावणार?"

"मांजरच हाय मी. बसव तू."

मी शिकायला आले ती तिच्याचकडे राहिले. ती साड्यांना फॉल लावायची. शेजारणी तिचं पाणी भरायच्या, त्यांची पोरं दुपारभर तिच्याजवळ असायची. रविवारी ती संस्थेतल्या जुन्या सोबतिणीला, सुशीलाताईला भेटायला जायची. सुशीलाताई कुबड्यांवर चालते. "वस्तीत ये. अडलं तर हाक मारायला माणसं हायेत," मावशी दर वेळी तेच सांगायची. सर सोडत नव्हते. जबाबदारी कोण घेणार, म्हणायचे.

एकदा सर मावशीलाच परत न्यायला आले. दार वाजलं. मी उठले, तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं. "वाजवू दे. मी वीस वर्षं आतून वाजवलंय." हातातला फॉल पुरा करून मग तिनं दार उघडलं. "सर, पाहुणे असे हात हलवत येतात व्हय? निदान बिस्किटाचा पुडा तरी आणायचा."

ती गेल्यावर संस्थेनं शोकसभा घेतली. देणगीदार बोलावले होते. फोटोला हार घालून सर म्हणाले, कुसुम आमची लेक, आम्हीच तिला स्वावलंबी केलं. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बाहेरच्या कडीबद्दल सांगितलं, सगळं सांगितलं. घरमालकीणताईंना आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून तिथंच सगळ्यांसमोर विचारलं, "सुशीलाताई, मावशीच्या खोलीत राहायला येता का?"

ती कुबड्या सावरत उठली. "पिशवी घेऊन येते."

देणगीदार सरांकडे बघत होते. सरांना नाही म्हणता येईना. मी त्यांचा चेहरा पोटभर बघून घेतला. बरं वाटलं... खोटं कशाला लिहू?

कडी वर घ्यायची का, असं घरमालकीणताईंनी विचारलं. सुशीलाताई म्हणाली, "असू द्या. मी वाकीन."

काल सर आले, तिची समजूत घालायला. दार वाजवत बाहेरून हाका मारत होते. आम्ही मेथी निवडत बसलो होतो. सवयीनं माझा हात कडीकडे गेला.

"बस गं," सुशीलाताई म्हणाली. "आत्ताशी तर वाजवायला लागलेत."

जुडी मोठी होती. आम्ही एकेक पान बघून निवडलं.