नेगीजींच्या सत्काराचे फोटो

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या स्क्रीनवरचा माऊस आपोआप हलला. मी हातही लावला नव्हता! बाण हळूच कोपऱ्यात गेला, थांबला, आणि एक विंडो उघडली. मी किंचाळले आणि मागची नेटवर्क केबल उपटली.

पलीकडच्या टेबलावरून हेल्पडेस्कवाला उठला. "मॅडम, मैं था. आपका अँटिव्हायरस डाल रहा था."

आमचे टीम लीड सोढी सर चहाचा घोट घेत म्हणाले, "चलो, केबल खींचना तो आता है!"

गुरुग्राममधली आमची कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर पहारा देते. कुठे कोणी घुसलं की धावायचं, आणि एरवी कोणी लपून बसलंय का ते शोधत राहायचं. इथे तक्रारीचं तिकीट बंद होतं, किस्सा मात्र उघडाच राहतो. तीन वर्षांत इतके साठलेत की मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "प्रज्ञा, एखादा सांग ना यार!" मी हसवणारे तेवढे सांगते. आज उरलेलेही सांगून टाकते.

*

मामेभावाच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. अनोळखी नंबर, खाली एक फाइल. त्याच आठवड्यात मी पत्रिकेच्या नावाखाली फोन हॅक करणारी फाइल पाहिली होती. फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "कोणीही उघडू नका! लगेच डिलीट करा!"

दिल्लीच्या आर. के. पुरमपासून नागपूरपर्यंत सगळ्यांनी मुकाट डिलीट केली. मुलगी सायबरमध्ये आहे, बाबा!

नंबर मामाचाच होता, नवा.

त्याने आईला फोन केला. "ताई, तुझ्या पोरीने माझ्या पोराच्या लग्नाला व्हायरस म्हटलं!"

लग्नात पंगतीला बसले. मामीने जिलेबी माझ्या ताटावर धरली आणि विचारलं, "वाढू, की आधी चेक करतेस?"

*

आमच्याच ऑफिसातली गोष्ट. रिसेप्शनचा कॉम्प्युटर रोज सकाळी पावणेसातला सुरू व्हायचा. ऑफिस उघडतं नऊला. मी तीन दिवस माग काढला. चौथ्या दिवशी सोढी सर आणि मी साडेसहालाच पोहोचलो. दारावर गार्ड रामअवतारजी.

"इतनी सुबह, बिटिया?"

"एक चोर पकडना है," मी कुजबुजले.

आम्ही खांबामागे उभे राहिलो. पावणेसात वाजले. रामअवतारजी आत आले, बूट काढले, रिसेप्शनचा कॉम्प्युटर लावला आणि हात जोडून उभे राहिले. त्यांच्या गावच्या देवळातली आरती, लाइव्ह!

आम्ही तोंड दाबून हसत मागच्या जिन्याने वर गेलो. मग मी रिपोर्ट लिहिला. 'अनधिकृत वापर.' खोटं काय होतं त्यात? पण पंधरा दिवसांत त्यांची ड्यूटी बाहेरच्या पार्किंगवर लागली. भर उन्हात. रिपोर्ट कोणाचा, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

अजूनही दिसले की हात वर करतात. "बिटिया, वो चोर मिला क्या?"

*

मानेसरला एक पार्ट्स बनवणारी कंपनी आमची क्लायंट आहे. त्यांच्या लोकांची परीक्षा म्हणून आम्ही अधूनमधून खोट्या मेल पाठवतो. लिंकवर क्लिक केलं की माणूस नापास. मेल लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला ते छान जमायचं.

तिथल्या स्टोअरचे नेगीजी. नोकरीला तीस वर्षं झाली म्हणून त्यांचा सत्कार झाला, केक कापला, असं कळलं. मी मेल केली, 'आपल्या सत्काराचे फोटो इथे पाहा.'

नेगीजींनी अकरा वेळा क्लिक केलं! आणि मग आमच्याकडेच फोन. "बेटा, फोटो खुल नहीं रहे."

सगळा फ्लोअर लोटपोट. सोढी सरांनी तो किस्सा प्रेझेंटेशनमध्ये टाकला. नाव न घालता, पण मानेसरला कोणाला कळायचं राहिलं होतं?

नापास झालेल्यांचं ट्रेनिंग मीच घेतलं. "मी आयटीतून बोलतेय असं कोणी म्हटलं की फोन कट करा. माझा असला तरी! उचललाच, तर आधी असं काही विचारा, जे खऱ्या माणसालाच ठाऊक असेल." नेगीजी सगळं डायरीत उतरवत होते.

निघताना ते दारात एकटे थांबले. "मेल नकली थी, समझ गया. पर फोटो तो किसी ने खींचे होंगे ना?"

मी गडबडले. "देखकर बताऊँगी, सर."

त्यांच्या एचआरला विचारलं. एकही फोटो कोणी काढला नव्हता. हे नेगीजींना कसं सांगायचं? मी सांगितलंच नाही.

*

गेल्या महिन्यात, शनिवारी दुपारी, माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. मानेसरच्या स्टोअरचा कॉम्प्युटर. बाहेरून कोणीतरी आत घुसलं होतं आणि एकेक फाइल कुलूपबंद होत चालली होती. तो कॉम्प्युटर इतका जुना, की तो इथे बसून नेटवर्कपासून तोडता येत नव्हता. तिथे कोणीतरी केबल उपटायला हवी होती. नाहीतर हे लोण सगळ्या फॅक्टरीत पसरणार.

त्यांच्या आयटी मॅनेजरचा फोन बंद. स्टोअरमध्ये एकटे नेगीजी.

मी फोन लावला. कट. पुन्हा लावला. कट. मेसेज केला, 'मी प्रज्ञा, अर्जंट!' असा मेसेज कोण पाठवतं, हेही मीच शिकवलं होतं.

"और अच्छे से सिखा!" सोढी सर म्हणाले. यावेळी कोणी हसलं नाही.

सहाव्यांदा लावला. स्क्रीनवर आणखी एक फोल्डर गेलं. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि थांबली.

"हॅलो," नेगीजी म्हणाले. डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला. "पहले पहचान. असली प्रज्ञा ने मुझसे कहा था, देखकर बताऊँगी. तो बताओ बेटा, फोटो थे?"