आतल्या खोलीतला माणूस

आमच्या प्रेसमध्ये तो प्रत्येकाला हातानं नाव द्यायचा. मी प्रुफं तपासायचो, म्हणून माझं नाव नाकावरचा चष्मा वर सरकवणं. शेठचं नाव पोटावरून गोल फिरलेला तळहात. तो जन्मापासून ऐकू-बोलू शकत नव्हता.

छापखान्यात कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, मशीन सुरू झालं की सगळेच बहिरे होतात. आम्ही ओरडून घसे बसवायचो. त्या गोंगाटात नीट बोलायचा तो एकटाच.

लातूरमध्ये गल्लोगल्ली क्लास निघाले आणि आमच्याकडे त्यांची कामं येऊ लागली. एका मोठ्या क्लासचे सर स्वतः आले. त्यांच्या सराव परीक्षांचे पेपर छापायचे होते, पण ते फुटायला नको होते. बोलता बोलता त्यांची नजर त्याच्यावर गेली.

"याला कुणी कितीबी विचारलं, तर हा काय सांगणार?" सर म्हणाले.

"हाव सर," शेठ म्हणाले. "ते बी खरंच."

मागच्या खोलीत एक मशीन हलवलं. खोलीला लोखंडी दार बसवलं. आत तो एकटा, आणि बाहेरून कुलूप. किल्ली क्लासच्या माणसाकडे. जेवायच्या सुट्टीत आणि संध्याकाळी तेवढं दार उघडायचं. आतल्या कामासाठी त्याचा पगार वाढला. अपंगांना काम दिलं म्हणून सरांचा सत्कारही झाला. त्या फोटोत सरांचा हात याच्या खांद्यावर आहे आणि हा दुसरीकडेच कुठं तरी बघतोय.

एके दिवशी त्याची मोठी बहीण प्रेसवर आली. आम्ही तिला आपा म्हणायचो.

"भाई, त्या खोलीला कुलूप नका लावू म्हणावं. घरी आला की दारात झोपायलाय."

मग तिनं सांगितलं. भूकंपात त्यांचं गाव गेलं तेव्हा हा पोरगा होता. दगडमातीखाली दबला. "लोक वरून हाका मारायले, कुणी हाय का म्हणून. याला ऐकू येईना, अन् ओ देता येईना. लोक पुढच्या घराकडं गेले. मी गेले न्हाई. याच्या हाताला दगड लागला होता, त्यो ठोकून राहिला, तवा मला कळलं."

मी शेठना म्हणालो, कुलूप काढा, नाहीतर एक किल्ली आपल्याकडे मागून घ्या. शेठनी सरांना फोन केलासुद्धा. उत्तर आलं, किल्ली एकच राहील. शेठ म्हणाले, "जाऊ द्या. इतकी वर्षं झाली, आता कुठला भूकंप."

नंतर एका दुपारी जमिनीखालून आवाज आला. आधी गुरगुर, मग खिडकीच्या काचा थरथरल्या. लातूरच्या माणसाला पळ म्हणून सांगावं लागत नाही. सगळे रस्त्यावर आलो. शेजारच्या क्लासमधली पोरं पुस्तकं तशीच टाकून आली होती. मी आमची माणसं बघितली, आणि तो दिसला नाही. क्लासचा माणूस गठ्ठे पोचवायला गेला होता. किल्ली त्याच्या खिशात.

मी आणि मशीनमन आत धावलो. सवयीनं आधी हाकाच मारल्या. मग मी दारावर तळहात आपटला. आतून लगेच उत्तर आलं. ठक, ठक, ठक. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी थांबलो की तोही थांबायचा. म्हणून मशीनमन पहार आणून कुलूप तोडेपर्यंत मी थांबलो नाही.

"कुलूप तोडू नका, आत पेपर आहेत," शेठ रस्त्यावरून सांगत होते.

तो बाहेर आला. बोटांची सालं निघाली होती. नळाखाली हात धुतले, माझ्याकडे वळून त्या खोलीकडे बोट केलं आणि हवेत आडवा हात फिरवला. संपलं.

गावात एक भिंतही पडली नव्हती. सरांना राग आला तो कुलपाचा. त्यानं खुणेनं शेठना विनवलं, मशीन बाहेर आणा, पूर्वीसारखं काम करतो. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "आत जायचं न्हाई म्हणतो. मग याला ठेवू कशाला?"

त्याला नांदेडला पत्रिका छापणाऱ्याकडे काम मिळालं. आपा म्हणाली, उघडी पत्र्याची शेड आहे. जायच्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊनच प्रेसच्या फाटकापाशी आला. त्याच दिवशी त्याच्या जागी नवा माणूस यायचा होता. बिलोलीकडचा, तोही मुकाबहिरा. सरांनी तसाच माणूस मागितला होता.

दोघं फाटकात उभे राहून भराभर हात हलवत राहिले. मला थोडंच कळलं. पडणारी भिंत. दार. नव्या माणसानं सगळं बघून घेतलं. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरला, तीच बोटं तोंडाशी नेली, आणि आत गेला. घरी लहान लेकरू होतं. मागून कुलूप लागल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. त्या दोघांना नाही.

हा स्टँडकडे गेला नाही. समोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर, उन्हात, आमच्या दाराकडे तोंड करून बसला. मी चहा नेऊन दिला, बसची वेळ खुणेनं विचारली. त्यानं चहा घेतला, पण नजर हलवली नाही. संध्याकाळी नवा माणूस बाहेर आला, तेव्हा हा उठला, पिशवी उचलली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पायरीवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीतलं मशीन वेळेवर सुरू झालं.