किचन नसलेली खोली

बॉथेल या अमेरिकी गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या काकूंचं नाव मी विचारलंच नाही. डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर मेथीची पिशवी. बसल्या बसल्या त्या मेथी निवडत होत्या आणि देठ रुमालात गोळा करत होत्या.

मी फोनवर आईबाबांसाठी इटलीतल्या शेतावरची खोली शोधत होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी दोघंच असे कधी कुठे गेले नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि त्यांना सहलीला पाठवणारीही मीच. काही चुकलं तर, अशी धास्ती होती.

"कुठली घेतेयस?" काकूंनी फोनमध्ये डोकावून विचारलं.

"ही. स्वस्त आहे, शिवाय किचन आहे. आईला बरं पडेल."

त्यांचा हात थांबला. "तुझी आई जेवायला कधी बसते गं?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"मग ही घेऊ नकोस. नाहीतर तिकडेही ती पोळ्याच लाटेल."

मग त्यांनीच शोधून एक साधी खोली दाखवली. किचन नव्हतं, पण शेतावरची बाई रात्री सगळ्यांना एका टेबलावर वाढायची. मी तीच बुक केली. आभार मानेपर्यंत त्यांचा स्टॉप आला.

जूनमध्ये बाबांनी तिथून फोटो पाठवला. आईचं ताट भरलेलं होतं, बाबांचं अजून रिकामं. खाली त्यांनी लिहिलं होतं, "आज हिला आधी वाढलं."

तो फोटो दाखवायला मी अजून बसमध्ये ती लोकरी टोपी शोधते.