कप्तानीणबाईंची खळीची तोफ

लॉन्ड्रीत सगळे तिला डागबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. डाग काढणं हेच तर तिचं काम होतं. खिडकीजवळच्या टेबलाशी उभी राहून ती कपडा उजेडात धरायची, नाकाशी न्यायची, नखाने जरासा खरवडायची आणि मग निकाल द्यायची. "गिऱ्हाईक म्हणतंय चहा. चहा कसला, खोकल्याचं औषध आहे. आणि सांडलेलं नाही हे, कोणीतरी फुर्रकन थुंकलंय." डाग कसा पडला याबद्दल माणसं सर्रास थापा मारतात, असा तिचा बावीस वर्षांचा अनुभव होता, आणि त्या थापा पकडण्यात तिला मनापासून मजा यायची.

तिची दुसरी ख्याती गोष्टीची. अकरा वर्षांपूर्वी इस्त्रीच्या खोलीतला रेडिओ बंद पडला. मालकीणबाई "उद्या बघू" म्हणाल्या आणि तो उद्या काही उजाडला नाही. इस्त्रीच्या कामात हात अडकलेले असतात आणि कान रिकामे. दोन दिवस सगळे नुसती वाफेची फुसफुस ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी डागबाईला राहवलं नाही. आपल्या टेबलाशी उभ्या उभ्या तिने सुरुवात केली: एक होती कप्तानीण, तिचं होतं एक जहाज, आणि ते तारे ओलांडून अशा ठिकाणी निघालं होतं जिथून कोणीच परत आलं नव्हतं.

तेव्हापासून रोज दुपारी तीन ते चार गोष्ट. मालकीणबाई पलीकडे काउंटरवर बसत. मधे लाकडी भिंत होती, त्यामुळे शब्द त्यांना नीट ऐकू येत नसत, पण इस्त्र्या बरोबर ऐकू येत. त्यांची अट एकच होती: इस्त्र्यांचा आवाज थांबला की गोष्ट बंद. अकरा वर्षांत तो एकदाही थांबला नव्हता. या अकरा वर्षांत कप्तानीण तीन ग्रहांवरून हाकलली गेली होती, एकदा चुकून राणी झाली होती आणि एका धूमकेतूच्या शेपटीवर तिने आठवड्याचे कपडे वाळवले होते.

ऐकणारे तिघे. चादरींना इस्त्री करून घडी घालणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी. थोरली शंका काढायची आणि धाकटी रडायची, अगदी विनोदी प्रसंगालाही. तिसरे मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते, पण चाळीस वर्षं त्याच टेबलाशी कॉलर आणि बाह्यांना इस्त्री करत आल्यावर माणूस सगळ्यांचा मामा होतोच. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कपडा जळला नव्हता. गोष्टीचं कौतुक त्यांनी तोंडाने कधी केलं नाही. प्रसंग रंगला की ते झालेल्याच कॉलरवरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवायचे, एवढंच. डागबाईला तेवढं पुरायचं.

तर हे मामा शनिवारी चार वाजता कायमचे घरी बसणार होते. त्यांनी तिला महिनाभर आधीच बजावलं होतं, "त्या तुझ्या बाईला त्याआधी सुखरूप घरी पोचव. मला अर्धवट काही सोडून जायची सवय नाही."

"पोचवते की," डागबाई म्हणाली होती. म्हणायला काय जातं!

आणि नेमकं शेवटच्या आठवड्यात घोडं अडलं. कप्तानीण जहाजावरच्या धुलाईच्या खोलीत कोंडली गेली. दाराबाहेर लिबलिब्या. हा प्राणी डागबाईने मोठ्या हौसेने घडवला होता: खोलीएवढा मोठा, कच्च्या अंड्यासारखा बुळबुळीत, त्याच वासाचा, तलवार मारली तर ती आरपार जायची आणि मागे भोकसुद्धा राहायचं नाही. तोफेचे गोळे तो गिळायचा आणि ढेकर द्यायचा. इतका भारी राक्षस घडवताना त्याला मारायचा कसा, हा विचार मात्र राहून गेला होता. कप्तानिणीजवळ शस्त्र एकही नव्हतं. होतं ते फक्त साबणाचं कपाट.

गुरुवारी डागबाईने वेळ मारून न्यायची ठरवली. "मग कप्तानिणीने कपाटातल्या दोन बाटल्या काढल्या आणि एकीतलं दुसरीत ओतलं! असा काही भयंकर धूर निघाला..."

"थांब थांब," थोरली म्हणाली. "बाटलीत बाटली ओतली?"

"हो. मोठा स्फोट..."

"बंद खोलीत?"

डागबाईची जीभ अडखळली. कारण बरोबर त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, तिच्याच हाताने लाल रंगात लिहिलेली पाटी होती: बाटलीत बाटली ओतायची नाही.

"अगं, कप्तानीण आधी मरेल!" थोरली हातातली चादर झटकत म्हणाली. "लिबलिब्या बाहेर मजेत बसेल आणि ही आत गुदमरेल. अकरा वर्षं जगवलीस ती यासाठी?"

धाकटीला रडू फुटलं. मामांनी कॉलरला एकदाच इस्त्री केली आणि ती बाजूला ठेवली, आणि डागबाईला ते थोरलीच्या सगळ्या शंकांपेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या कुठल्याही श्रोत्यांनी तो धूर चालवून घेतला असता. पण या खोलीत सोडा, व्हिनेगर, ब्लीच आणि खळ यांच्या बाबतीत कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकता येणार नव्हती. "ते कप्तानिणीचं स्वप्न होतं," असं म्हणून तिने कशीबशी सुटका करून घेतली. शुक्रवारी तर तिने सगळा तास दाराच्या बिजागरीचं वर्णन करण्यात घालवला. थोरलीने तोंडावर जांभई दिली.

डागबाईच्या जिवाची घालमेल नुसत्या गोष्टीसाठी नव्हती. मामांचं तिच्याकडे एक जुनं येणं होतं, आणि ते त्यांनी बावीस वर्षांत कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

गिऱ्हाइकांपासून नव्या कामगारांपर्यंत सगळे मामांना बलकमामा म्हणत. कारण असं सांगितलं जाई की एकदा कुणाचा तरी लग्नाचा पांढरा कोट आला होता, छातीवर अंडं सांडलेलं, आणि मामांनी त्यावर बॉयलरचं उकळतं पाणी ओतलं. अंड्यावर गरम पाणी! डाग कोटावरच शिजला आणि असा बसला की निघेचना. नवीन माणूस कामाला लागला की मालकीणबाई हसून सांगत, "अंड्याला गार पाणी. गरम घातलं तर काय होतं ते आमच्या बलकमामांना विचार." मामाही हसत. शनिवारच्या निरोपाच्या केकवरसुद्धा पिवळ्या अक्षरांत तेच नाव घालायचं ठरलं होतं.

पाणी मामांनी ओतलंच नव्हतं. ते ओतलं होतं डागबाईने, कामाला लागल्याच्या चौथ्या दिवशी, लवकर काम उरकून शाबासकी मिळवायच्या नादात. मालकीणबाई तरातरा आत आल्या आणि "कोणी केलं हे?" म्हणून ओरडल्या, तेव्हा तिची बोबडी वळली. ती नोकरी गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती. तेवढ्यात इस्त्रीवरची नजर न काढता मामा म्हणाले, "माझ्या हातून झालं." महिनाभर त्यांना कॉलरवरून काढून चादरींवर टाकलं होतं. कॉलरच्या माणसाला चादरी म्हणजे गवयाला घंटा वाजवायला बसवण्यातला प्रकार. तिने नंतर बोलायचा प्रयत्न केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काम शीक. बाकीचं सोड." ती काम शिकली, पण बाकीचं काही तिला सोडता आलं नाही. दरवर्षी ठरवायची, यंदा सांगून टाकू. आणि दरवर्षी तोंडाला कुलूप.

शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरात डोकं धरून बसली होती. नवरा तिच्यासाठी अंडी उकडत होता. तो बस चालवायचा, आणि बस सोडून कुठलीही गोष्ट हळू हाताळणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने अंडं उकळत्या पाण्यात असं टाकलं की ते टचकन फुटलं.

"गेलं!" तो म्हणाला. "आता सगळं पाण्यात पसरणार."

पण ते पसरलं नाही. फटीतून बाहेर आलेला पांढरा बुळबुळीत लोळ पाण्यात गेला आणि तिथल्या तिथे घट्ट झाला. डागबाई उठून भांड्यापाशी गेली. तिने चमच्याने तो लोळ हलवून पाहिला. मग ती हसायला लागली, आणि इतकी हसली की नवऱ्याने गॅस बंद केला.

"काय झालं?"

"माझी चूक सापडली," ती डोळे पुसत म्हणाली. "अहो, बावीस वर्षं मी हिला लपवत फिरतेय, आणि आता हीच कामाला आली!"

नवऱ्याला काही कळलं नाही, पण ती हसतेय म्हटल्यावर त्याने दुसरंही अंडं तसंच टाकलं.

तीन वाजता इस्त्र्या तापल्या. डागबाईने एक शर्ट समोर ओढला आणि गोष्ट सुरू केली. आज तिचा आवाजच वेगळा होता.

"दार करकरायला लागलं. कप्तानिणीने कपाट उघडलं. काय होतं आत?"

"साबणाचा चुरा," धाकटी म्हणाली.

"सोडा," थोरली म्हणाली. "आणि खळ असणारच. कप्तानिणीच्या कॉलरी कडक असतात, तूच सांगितलंस."

"खळ! पोतंभर खळ. आणि कोपऱ्यात बॉयलर, वाफेच्या लांब नळीसकट. कप्तानीण बाटल्यांकडे वळली, पण बाटलीत बाटली ओतायची नाही हे तिला पाठ होतं." थोरलीने समाधानाने मान हलवली. "मग ती स्वस्थ उभी राहिली आणि तिने पहिल्यांदाच शहाण्यासारखा प्रश्न विचारला: हा लिबलिब्या आहे तरी कशाचा? दाराच्या फटीतून त्याचा एक थेंब आत आला होता. तिने तो उजेडात धरला. वास घेतला. नखाने खरवडला."

मामांची इस्त्री कॉलरवरून दुसऱ्यांदा फिरली.

"अंडं! कच्चं अंडं! आणि मग तिला ते आठवलं. ती जहाजावर नवी होती, चौथाच दिवस, तेव्हा तिच्यापुढे एक पांढरा कोट आला होता. त्यावर अंडं सांडलं होतं. आणि तिने मूर्खासारखं त्यावर उकळतं पाणी ओतलं होतं."

थोरलीच्या हातातली घडी अर्धवट राहिली. "ती? म्हणजे कप्तानीण?"

"तीच. दुसरं कोणी नाही," डागबाई म्हणाली. तिचे कान तापले होते, पण ती थांबली नाही. "जहाजावर एक म्हातारा कारागीर होता. त्याने सगळा दोष आपल्या अंगावर घेतला. जहाजभर त्याची थट्टा झाली. तो हसत राहिला आणि ही गप्प राहिली. पण त्या दिवशी त्या खोलीत तिला कळलं, की त्या माणसाने तिला वाचवलं नसतं तर ती आज इथे नसती, आणि अंड्यावर गरम पाणी घातलं की काय होतं, हे सगळ्या अवकाशात तिच्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने बॉयलरमध्ये अख्खं पोतं खळ रिकामं केलं. नळी खांद्यावर घेतली. लाथ मारून दार उघडलं, आणि सोडली!"

"अगं बाई!" धाकटी ओरडली.

"उकळती खळ! लिबलिब्या एका टोकाकडून शिजत गेला. आधी पांढरा झाला, मग घट्ट झाला, मग खळ बसली आणि असा कडक झाला की ढेकर द्यायला तोंड उघडलेलं तसंच राहिलं. कप्तानिणीने त्याला इस्त्री केली, चौकोनी घडी घातली, कपाटात ठेवला आणि जहाज घराकडे वळवलं. घरी पोचल्यावर ती आधी त्या म्हाताऱ्याकडे गेली."

इथे ती थांबली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीत एकही इस्त्री चालत नाहीये. वाफेची फुसफुसही नव्हती. होता तो फक्त वास, आणि बावीस वर्षांत या खोलीत न आलेला तो वास ओळखायला तिला नाक लावायची गरज नव्हती.

दार धाडकन उघडलं. मालकीणबाई आत आल्या. "इस्त्र्या का थांबल्या? आणि जळलं काय? कोणी जाळलं?"

मामा भानावर आले. त्यांनी इस्त्री उचलली. खाली कॉलरी संपवून हाती घेतलेला उशीचा पांढरा अभ्रा, त्यावर इस्त्रीचा तपकिरी, नीटनेटका ठसा.

"माझ्या हातून झालं," डागबाई म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. "आणि तो लग्नाचा कोटही माझ्याच हातून झाला होता. पाणी मी ओतलं होतं, मामांनी नाही. नोकरी जाईल म्हणून मी घाबरले आणि त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. बावीस वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाला बलकमामा म्हणताय."

मालकीणबाईंनी मामांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा मामांकडे. "खरं का हो हे?"

"अर्धं," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "कोट तिचा. अभ्रा माझा. चाळीस वर्षांत एक कपडा जाळलाय मी, तो तरी माझ्या नावावर राहू दे."

आधी धाकटी हसली, रडता रडताच, आणि मग सगळी खोली हसली. मालकीणबाई तर टेबलाला धरून हसल्या. "अहो पण केकचं काय करू आता? त्यावर बलकमामा लिहून आलंय!"

"राहू द्या की," मामा म्हणाले. "त्या नावाआड ही पोर काम शिकली. नाव काही वाया गेलेलं नाही."

पोर आता पन्नाशीला आली होती. तिने पुढे होऊन अभ्रा उचलला, खिडकीशी नेला, उजेडात धरला, वास घेतला, नखाने खरवडला. सगळे निकालाची वाट बघत होते.

"हा निघायचा नाही," ती म्हणाली.

"मग घडी घाल," मामा म्हणाले, "मी घरी नेतो."