दोघींचा तंबू

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ताई स्वारगेटला बसमधून उतरली, थांब्यावर बसली आणि कलंडली. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. तिच्याजवळ सॅक होती आणि सॅकमध्ये आमच्या तंबूच्या काठ्या होत्या. एका काठीचा जोड निखळला होता, तो बसवून घेऊन ती घरी येत होती.

आम्ही दोघी बहिणी सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचो. ती भूगोलाची शिक्षिका, निवृत्त झालेली. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. लग्नं दोघींचीही झाली नाहीत. हिमालयात, झाडं संपतात त्याच्याही वर असलेल्या एका तळ्याकाठी एक रात्र काढायची, हे तिच्या मनात कित्येक वर्षं होतं. जन्मभर फळ्यावर हिमालय काढला, आता तो खरोखर आहे का ते बघून येते, असं म्हणायची. ऑगस्टमध्ये जायचं ठरलं होतं.

सामानाला खेचर करायला ती तयार नव्हती. "आपलं ओझं आपण न्यायचं. त्या खेचरानं आपलं काय घोडं मारलंय?" म्हणून सामान वाटून घेतलं. तंबूचं कापड माझ्या सॅकमध्ये, काठ्या तिच्या. शेगडी माझ्याकडे, भांडी तिच्याकडे. मी विचारलं, "वाटेत चुकामूक झाली तर गं?"

"मग तू कापड पांघरून झोप. मी काठ्या मोजत बसते."

तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि तिकडच्या वाटाड्याचा फोन आला. त्याला आम्ही फोनवरच ठरवलं होतं. "दीदी, स्लीपिंग बॅग दो ही रखूँ ना?" मी म्हणाले, "हां, दो." खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून 'एक' बाहेर पडेना.

मग मीच त्याला फोन करायला लागले. पहिल्या मुक्कामाला पाणी कुठं मिळतं, खिंडीत बर्फ किती असेल, उंचीचा त्रास झाला तर खाली उतरायची वाट कुठली. सगळं दोघींसाठी विचारायचे. आमचा मोठा तंबू आम्ही दोघी वाटून आणतोय, हेही त्याला सांगून ठेवलं होतं. बडी दीदी कशी आहे असं त्यानं विचारलं की ठीक आहे म्हणायचे. फोन ठेवला की ओढणीचा बोळा तोंडात धरून स्वयंपाकघरात बसायचे. तरी थोड्या दिवसांनी परत फोन करायचे, कारण त्या एका माणसापुरती ताई अजून होती. आणि तळ्यापर्यंत मी पोचले नाही तर ती दुसऱ्यांदा जाईल, अशी माझी खात्री झाली होती.

एका सकाळी दोन्ही सॅक घेऊन टेकडीवर गेले. माझी पाठीवर, तिची पोटावर, तिचे पट्टे होते तसेच ठेवून. समोरून फिरायला आलेले एक आजोबा उतरत होते. मला नीट न्याहाळून म्हणाले, "काय हो, घर सोडलंत, की घरानं तुम्हाला?"

"अजून ठरायचंय," मी म्हणाले.

ते हसत खाली गेले. पोटावरच्या सॅकमुळे मला माझे पाय दिसत नव्हते. पुढच्याच वळणावर मी गुडघ्यावर आपटले आणि किती तरी वेळ मला उठता येईना.

खराडीला नोकरी करणारी माझी भाची रविवारी आली. गुडघ्यावरची पट्टी बघून तिनं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं.

"आत्या, सिरियसली? दोन सॅक? अगं, सिंपल आहे. मी लीव्ह टाकते. मोठ्या आत्याची सॅक मी घेते."

तिनं ती उचलून पाठीवर चढवलीसुद्धा. ताई उंच होती. "केवढी लूज आहे ही," म्हणत पोरीनं उजवा पट्टा खालून खेचला.

"हात लावू नकोस!"

त्या घरात इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. ते पट्टे ताईनं आरशासमोर उभं राहून स्वतःच्या खांद्यांना बसवले होते. तिचा डावा खांदा थोडा उतरता होता. भाचीनं सॅक अलगद खाली ठेवली. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मग कोण नेणार ती, आत्या? सांग ना. कोण?"

मी तिला पाठवून दिलं आणि वाटाड्याला फोन लावला. "बडी दीदी नहीं रहीं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हटलं ते पहिल्यांदाच. मी इतके दिवस का सांगितलं नाही, हे त्यानं विचारलं नाही.

"तो छोटा टेंट लाना, दीदी. वो वाला अकेले नहीं उठेगा."

मी येत नाही म्हणून त्याला सांगितलं.

ऑगस्ट येऊन गेला. तळं मी पाहिलेलं नाही. तंबूचं कापड माझ्या सॅकमध्ये आहे, काठ्या तिच्या. उजवा पट्टा आधी कुठवर होता ते मला आठवत नाही. डावा तिनं ठेवला होता तिथंच आहे.